उजवा कौल

हे मी कुणाला सांगितलं नाय. पोरींना नाय, मालकांना तर नायच – ते गेले बी. तुमाला का सांगते? ठावं नाय.

आमी नाते गावचे. आमचा बैल मेला, तवा तुडीलच्या माझ्या भावाकडून पैसं घेऊन दुसरा आणला. थोडं थोडं फेडत व्हतो. त्यात सासूच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. म्हणायची, दिसतंय तवर एकदा हरिहरेश्वराला दर्या दाखवा रे. जन्मात तिनं काय मागितलं नव्हतं. शिमगा सरल्यावर मालक म्हणाले, सगळीच जाऊ एष्टीनं, दोन दिस ऱ्हाऊ. भावाचं पावसाळ्यानंतर देऊ.

भावजय माझी कशी – चारचौघींत म्हणाली व्हती, "नणंदबाय, बैल आमचा नि ऐट तुमची." का, तर मी नवं लुगडं नेसले व्हते. मग दर्यावर गेलो तर काय बोलंल?

घरात ठरंना. मालक म्हणाले, देवीला कौल लावू, ती सांगंल तसं. त्यांना ताप व्हता, म्हणून मला धाडलं. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको. मी हात जोडून – काय मागत व्हते मी? डावी पड गो बाय, डावी पड.

उजवी पडली.

घरी येऊन मी सांगितलं, डावी पडली. गुरवाला कोण विचारणार? देवीच्या कौलात खोटं बोलंल कोण?

जायचं ऱ्हायलं.

बैलाचं देणं फिटलं तवर तिला उजेड नि काळोख, एवढंच कळायचं. मालक म्हणाले, आता तरी चल आये, लाटा ऐकशील. ती नाय म्हणाली. देवीनं अडवलं तर कशाला? सोमवारी उपाशी ऱ्हायची. देवळात जायची नाय, पायरीखालूनच हात जोडायची. मला वाटायचं, पायरी दिसत नसंल – का मीच तसं धरून चालले व्हते?

एकदा तिला न्हाऊ घालत व्हते. माझं मनगट धरून म्हणाली, "माझंच काय तरी चुकलं असंल न गो, म्हणून देवी कोपली?"

तवा सांगता आलं असतं. दोघीच तर व्हतो –

मी म्हटलं, "असंल."