केवडा पडलेलं झाड

मी आमचं गाव, उंद्री, सोडलं तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. फाट्यावर एस.टी. उभी होती, कंडक्टर घाई करत होता, माय पदराने डोळे पुसत होती. आणि बाबा? ते रस्त्याकडेच्या कुणाच्या तरी मुगात शिरून पानं उलटीपालटी करून पाहत होते. मुगावर केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, पडला होता. पिवळं-पांढरं पान दिसलं की त्यांचा हात थांबत नसे, मग वावर कुणाचंही असो. गाडी हलली तशी उपटलेली रोपं हातात घेऊन ते धावत आले आणि खिडकीतून म्हणाले, "तिकडची माती कशी हाय ते कयवजो."

सूतगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या जपानमधल्या एका कारखान्यात दोन वर्षं शिकायला मी निघालो होतो. दोनाची किती झाली ते आता मोजतही नाही. मातीबद्दल मात्र मी कधीच कळवलं नाही. कारखान्यातल्या माणसाला माती दिसते कुठे?

ती दिसली घरमालकांच्या परसात. मोरीसान हे निवृत्त गृहस्थ, कुंड्यांत वीतभर झाडं वाढवायचे. त्यांत एक विलो होतं. आपल्या पैनगंगेकाठी वाळुंज असते ना, तिच्याच जातीचं. पण याची कोवळी पानं पांढरी, त्यांवर गुलाबी झाक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाही हात खुडायला पुढे गेला होता, हे आज कबूल करतो. मोरीसाननी मनगटावर चापटी मारली आणि नंतर, दया येऊन असेल, बोटभर काडी कापून दिली. ओल्या वाळूत खोचली तर आठवड्यात मुळं! पुढे चार वर्षं मी तिला तांब्याच्या तारेने वळण दिलं, शेंडे छाटले, मुळं कातरली. मोरीसाननी एकच नियम घोकून घेतला होता. निव्वळ हिरव्या पानांचा फुटवा आला की बुडापासून काप. तो फार जोरकस असतो, ठेवलास तर सगळं झाड हिरवं करून टाकतो.

पाच वर्षांनी रजेवर आलो तेव्हा मागे इथे एक काडी कुंडीत लावून ठेवली आणि मूळचं झाड ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं, ओट्यावर कुंडीत लावलं. मला बाबांची शाबासकी हवी होती. पोरगा यंत्रात गेला तरी त्याचा हात मेला नाही, एवढं त्यांनी म्हणावं, बस. बाबांनी झाड सगळीकडून पाहिलं, पानं उलटीपालटी केली आणि वावराची वाट धरली. मी हिरमुसून ताईकडे डोणगावला गेलो.

तिसऱ्या दिवशी परत आलो तर झाड बोडकं. पाच-सहा हिरवी पानं तेवढी उरलेली. बाबा ओट्यावर बसून खुशीत होते.

"सारा केवडा खुडला अन् दूर नेऊन पेटवला. थोडक्यात वाचलं तुहं झाड."

मी संतापलो. "तुम्हाला काही कळत नाही," असं घरात कधी न बोललेल्या पुस्तकी मराठीत सुनावलं. माय म्हणाली, "काऊन ओरडून राह्यला रे? तीन दिवस झाले, ते त्याच्यापाशीच बसून होते." तरी माझा ताठा उतरला नाही. झाड तिथेच टाकून मी जपानला परत आलो.

दोन महिन्यांनी बाबांच्या मोठाल्या अक्षरातलं कार्ड आलं. "झाड कुंडीतून काढून विहिरीच्या थारोळ्यापाशी लावलं. हिरवंगार हाय. त्याले बरं नाही असं मले वाटलं म्हणून खुडलं. तू नाराज होऊ नको." मी उत्तरात थंडीबद्दल लिहिलं, कामाबद्दल लिहिलं. माफी समोर बसून मागू म्हटलं. गाव सोडून गेलेल्या आपण सगळ्यांनीच असं काही ना काही पुढच्या रजेवर ढकललेलं असतं. पुढच्या रजेआधीच तार आली. बाबा गेले.

इथली ती काडी आता हातभर झाली आहे. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला उंद्रीचा ओटा आठवतो आणि त्यावर तीन दिवस एका कुंडीपाशी बसलेला माझा बाप. त्या वर्षापासून हिरवा फुटवा आला की मी कात्री खाली ठेवतो. पांढरी पानं दरसाल कमी होत चालली आहेत. माती, बाबा, इथली काळी आहे, आपल्यासारखी. फक्त चिकट नाही.

परवा मोरीसान काठी टेकत आले, कुंडीकडे पाहून हळहळले. म्हणाले, झाड बिघडलं तुझं.

"नाही जी," मी म्हणालो, त्यांना एक अक्षर कळणार नव्हतं तरी, "बरं होऊन राह्यलं."