गुल्लीच्या तेलाची टोपली

आमच्या इकडं लग्न झालेली पोरगी पयल्या दिवाळीले माहेरी येते, अन परत जाते तवा तिच्यासंगं टोपली जाते. अनारसे, करंज्या, शेव, उडदाचे बडे. ते टोपली सासू एकटी नाही उघडत. गल्लीतल्या बायाईले बोलावते, मंग उघडते. झाकन निघालं का पोरीच्या माहेराची सारी इज्जत तिथं खाटेवर मांडली जाते. माह्या टोपलीत अर्धे मुरमुरे निघालते. सासू मरेपर्यंत मले 'मुरमुऱ्याची' म्हने. मले काही राग नाही आला. राग कराले पोट भरलेलं लागते. पन नातीले कोनी तसं म्हनू नये, एवढंच मनात होतं.

अन नेमकं नातीच्या पयल्या दिवाळीच्याच साली तेल चढलं. दुकानदारानं तेलाच्या पन्नीचा भाव सांगतला तवा मी म्हनलं, "भाऊ, मले तेल पायजे, तुहं दुकान नाही."

तो म्हने, "अम्मा, मैं क्या करूँ, ऊपर से बढ़ा है."

मी वर पाह्यलं. वर त्याच्या दुकानाचं टिन होतं.

तेलामागं दाळ चढली, दाळीमागं कांदे चढले. माहा पोरगा तिरोडीच्या खदानीत ठेकेदाराकडं मजुरी करते. त्याची मजुरी मात्र खालीच बसून राह्यली, तिचे गुडघे माह्यासारखे. भाव वाढला का पयले बाईच्या ताटातलं कमी होते, हे मले कोनी सांगाव लागत नाही. पोरगा जेवून उठला का सून अन मी बसो. भाजी उरे एक वाटी. सून म्हने, "मले भूक नाही." मी म्हनो, "मले पित्त झालं." अन दोघीबी त्या वाटीले पाहून राह्यलो. शेवटी एक दिवस मी म्हनलं, "बाई, दोघीलेबी भूक नाही तं हे मांजरीले टाकू का?" तवा सुनेनं झपाट्यानं वाटी ओढली. मंग अर्धी मले देली.

भाजीले ती तेल कसं दाखवे, देवाले निवद दाखवतेत तसं. पन्नी कढईवर धरे, फिरवे, अन वापस ठेवे.

अशात टोपलीभर तळन कुठून कराचं? सून रोज विचारे. मी रोज म्हनो, होईन काही.

माह्या खाटेखाली गुल्लीचं पोतं होतं. गुल्ली म्हंजे मोहाची बी. चैतात मोहाची फुलं पडतेत, जेठात फळं पडतेत, त्या फळातली बी आमी बाया वेचतो, फोडतो, वाळवतो अन बाजारात इकतो. त्या साली मी पोतं घेऊन खैरलांजीच्या बाजारात गेलती. व्यापाऱ्यानं असा भाव सांगतला का मले वाटलं तो एका मुठीचा सांगून राह्यला. बाजारातलं तेल आभाळात, अन माही गुल्ली जमिनीत. अरे बावा, तेल तं तिच्यातूनबी निघते! मी पोतं उचललं अन घरी आनलं.

आमी लहान होतो तवा घरात दुसरं तेल नोतंच. तेच खा, तेच डोक्याले लावा, तेच दिव्यात घाला. म्हनून मी सांगून टाकलं, "यंदा तळन गुल्लीच्या तेलात."

पोरगा उडालाच. "आई, गुल्लीचं तेल? अवो, ते साबन बनवाले नेतेत!"

"बरं हाय," मी म्हनलं. "खानाऱ्याचं आतून धुतलं जाईन."

सुनेनं तं डोक्यालेच हात लावला. "वास येईन ना आई. पोरीची सासू बालाघाटात राहते. गॅसवर रांधते. पयल्याच घासाले समजीन तिले."

"वासाचं मी पाहून घेतो," मी म्हनलं. म्हनलं खरं, पन मलेबी धाकधूक होतीच.

पोरानं पोतं गाडीवर बांधून मशीनवरून तेल काढून आनलं. गुल्लीचं तेल कडू वासाचं. त्याले धूर निघेपर्यंत तपवाव लागते. मंग मी त्यात कांदा टाकला, लिंबाची पानं टाकली, कनकेचा गोळा टाकला, सारं जळून काळं होऊ देलं अन काढून फेकलं. घरात एवढा धूर झाला का शेजारीन कुडावरून विचारे, "काहून वो माय, कोनाची नजर उतरवून राह्यली?"

"तेलाच्या भावाची," मी म्हनलं.

पन वास गेला. तळन झालं. सुनेनं नाक दाबूनच पयला अनारसा तोंडात घातला, मंग नाक सोडलं अन दुसरा उचलला. नात अन जवाई आले. जवाई आपला हिंदीतच बोलते. गरम गरम बडे खाल्ले अन म्हने, "दादी, और हैं क्या?" मी सुनेकडं पाह्यलं. तिनं पदरात तोंड लपवलं.

पन गुल्लीच्या तेलाची एक खोड हाय. गर्मीत पानी, थंडीत दगड. हे मले लहानपनापासून मालूम. अन तेल मिळाल्याच्या खुशीत मी थंडीलेच विसरली. नात जायच्या सकाळी टोपलीत उरलेली शेव ठेवाले झाकन काढलं, तं अनारसे पांढरे, करंज्या पांढऱ्या. जसा कोनी चुना मारला. सून रडालेच लागली. मी पदरानं दोन-चार करंज्या पुसून पाह्यल्या. जेवढ्या पुसल्या तेवढ्या चमकाले लागल्या.

तिकडं बसवाला भोंगा वाजवून राह्यला. नात म्हने, "आजी, रहने दे ना, बस छूट जाएगी."

गेली टोपली. आमी दोघी ओट्यावर तशाच बसलो.

मंग फोनची वाट. सून मोबाईल चुलीजवळ नेई, विहिरीवर नेई, कोठ्यातबी नेई. फोन आला तवा नात छतावर जाऊन हळूच बोलून राह्यलती.

"आजी, टोपली खुली."

"मंग?"

"सबने देखा."

"अवो पोरी, का झालं ते सांग, माहा जीव जाऊन राह्यला."

"बड़ी मम्मीनं, मम्मीच्या मोठ्या जावेनं, करंजीवर बोट फिरवलं अन म्हने, अरे, ये तो घी का है! सब घी में तला है! मंग सगळ्या बायाईनं बोटं चाटली. आजी, आता पूर्ण गल्लीत बोभाटा हाय, का बहू के मायके में घी की नदी है."

"अन तुही सासू का म्हने?"

"मम्मीनं एक अनारसा खाल्ला. काहीच नाही बोलली. नुसती माह्याकडं पाहून राह्यलती. अन आजी, ती तुमाले भेटाले येऊन राह्यली."

पोरगा एवढा हसला का त्याले ठसका लागला. सून नाही हसली. "हसा तुमी. आता दरसाल तूप कुठून आनाचं? अन तिनं घरात येऊन पाह्यलं तं पोरीचं का होईन?"

ती आली त्या दिवशी सुनेनं गुल्लीच्या तेलाचं डबं धानाच्या कोठीमागं लपवलं, अन शेजारनीकडून चमचाभर खरं तूप उसनं आनून ते दारातून दिसीन असं ठेवलं. एवढ्याशा वाटीची आरतीच कराची बाकी होती. नातीची सासू बसवरून उतरली, एकटीच. चहा पेली. मंग सरळ चुलीजवळ येऊन बसली अन म्हने, "मावशी, ते तुपाचं डबं दाखवा बरं."

सुनेच्या हातातलं लाटनं थांबलं.

मी इचार केला. आतापर्यंत आपन काही खोटं बोललो नाही, लोकंच तूप म्हनून राह्यले. आता या वयात खोटं सुरू केलं तं ध्यानात ठेवाव लागते, अन माह्या ध्यानात आता चष्माबी राहत नाही. मी उठली, कोठीमागून डबं काढलं अन तिच्यासमोर ठेवलं.

तिनं बोट बुडवलं. वास घेतला. डोळे मिटले. सून तिच्या तोंडाकडं अशी पाहून राह्यलती जशी डॉक्टरच्या तोंडाकडं पाहतेत.

"माही माय बिरशाकडची," ती म्हने. "जंगलातली. मी हेच तेल खाऊन मोठी झाली. टोपली उघडली तवाच मले समजलं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलाले मले का येड लागलं, मावशी? माह्या जेठानीच्या, त्या मोठ्या जावेच्या, सुनेच्या टोपलीत बेकरीची नानखटाई आलती. हे पांढरं तूप पाहून तिचं तोंड एवढंसं झालं. मी तं पाहतच बसली."

"अन पोरगी आमची? तिले कोनी काही बोलते?"

"कोन बोलीन? जेठानीच तिले अनारसे शिकवाले रोज बोलावते. मीच जाऊ नाही देत." मंग तिनं दाराकडं पाह्यलं अन आवाज उतरवला. "आमच्याकडं गॅस हाय, पन कढईत टाकाले का हाय? पोराचा पगार येते अन किराना खाऊन टाकते. मीबी रात्री म्हनतो, मले भूक नाही. एक शिशी भरून देता का?"

हे आयकून सून हसली. दिवाळीपासून पयल्यांदा. हसता हसताच तिनं मोठी शिशी शोधली, धुतली, अन काठोकाठ भरली. इहीनबाईनं ती लुगड्यात गुंडाळून थैलीत खाली ठेवली, अन वरून म्हने, "गल्लीत मात्र तूपच हाय बरं."

जेठात ती पोतं घेऊनच आली. दिवस निघायच्या आधी आमी दोघी मोहाखाली. तिचे हात अजून तरने, तिचं पोतं पटपट भराले लागलं.

मी म्हनलं, "इहीनबाई, झाड आमच्या बांधावरचं हाय बरं."

ती मान वर न करता म्हने, "अन पोरगी आमच्या घरी हाय."

तिच्या बाजूले फळ जास्त पडलं होतं, म्हनून मी आपली उठली, अन तिकडंच जाऊन बसली.