स्लॅबवरचं पाणी

माफ करा, मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि मराठीही घरात बोलण्यापुरती. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही—बाबांना तर नाहीच.

बाबा रेल्वेत गँगमन. कर्ज काढून त्यांनी इकडे तमिळ मुलखात, तांबरमला, दोन खोल्या बांधायला घेतल्या. फसवणूक होऊ नये म्हणून करारनामा मीच लिहिला: बँकेच्या इंजिनियरने स्लॅब पास केल्याशिवाय मेस्त्रीला शेवटचा हप्ता मिळणार नाही. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होतो ना—त्या कलमाचा केवढा अभिमान वाटला होता मला.

स्लॅब ओतायच्या दिवशी बाबांनी मिक्सरजवळ जाऊन विचारलं, वाळू जास्त पडतेय का? एवढंच. मेस्त्री सगळ्या मजुरांसमोर हसला.

"सार, तुम्ही रुळाखालची खडी मोजा. आणि आलाच आहात, तर चार घमेली उचला."

बाबांनी—उचलली. डोक्यावर घेऊन, स्वतःच्याच घरासाठी. मजूर हसत होते. मी काय करायला हवं होतं? तेव्हा काहीच केलं नाही.

स्लॅब ओतला की मेस्त्री वर पाणी साठायला सिमेंटच्या बांधांची आळी करून देतो आणि घरच्यांनी त्यांत दोन्ही वेळ पाणी भरायचं, अशी इथली रीत. मेस्त्री इकडच्याच कोवलमच्या दुसऱ्या कामावर गेला. बाबा ड्यूटीवर, म्हणून पाणी माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी भरलं. मग—नाही भरलं. विसरलो नव्हतो. ताज्या स्लॅबला पाणी मिळालं नाही तर तो तडकतो, हे मला पाठ होतं. मे महिन्याच्या उन्हात ती आळी कोरडी पडलेली बघायला मी रोज वर जायचो. मजा वाटायची—हो, मजाच. तपासणीच्या दिवशी सकाळी मात्र काठोकाठ भरली.

तपासणीला मेस्त्रीही आला. स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या निघाल्या तर छताला खालून ओल्या रेघा, भेगांतून पाझरलेल्या. इंजिनियरने विचारलं, पाणी कोणी मारलं?

"माझ्या मुलाने," बाबा म्हणाले. "कॉलेजात हेच शिकतो तो."

मेस्त्री माझ्याकडे वळला. आता हसत नव्हता. इकडे धाकट्या भावाला म्हणतात तसं तंबी म्हणाला. "तंबी, तूच सांग. भरलंस ना?"

"दोन्ही वेळ," मी म्हणालो.

सिमेंट कमी घातलं, असा शेरा पडला. माझं कलम लागू झालं. मेस्त्रीने पदरमोड करून भेगा बुजवल्या, तरी आमच्या भागात त्याला पुन्हा काम मिळालं नाही. कसं मिळणार? त्याच्या कामाची चौकशी करायला येणाऱ्या प्रत्येकाला मीच आत नेऊन ते छत दाखवत होतो.

पावसात अजूनही बाबांच्या खाटेवर थेंब पडतात. ते खाट सरकवतात आणि मेस्त्रीला शिव्या घालतात. मी पातेलं आणून ठेवतो.

गेल्या आठवड्यात त्याचा जुना गवंडी स्टेशनवर भेटला. मेस्त्री आता ओरगडमला असतो म्हणाला, कारखान्याच्या बांधकामावर. दुसऱ्याच्या हाताखाली—घमेली उचलतो.

ऐकून मला आधी बरं वाटलं.