मामांच्या गोठ्यावरचं सरकार

महाराष्ट्रात सरकार कुणाचंही येवो, ते शेवटी माझ्या बायकोच्या मामांच्या गोठ्यावर येऊन विसावतं. थट्टा नाही करत. वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागूनच मामांचं घर आहे. कुणीही गाडी थांबवून बघावं. गोठ्याच्या ज्या बाजूनं पाऊस मारतो तिकडे सत्ताधारी, कोंबड्यांच्या खुराड्यावर विरोधी पक्ष, आणि लाकडांच्या ढिगावर एक माजी मंत्री दोन्ही हात जोडून आडवे. मामा जुने फ्लेक्स जमवतात. कुणी नाणी जमवतं, कुणी पुस्तकं जमवून वाचायची राहू देतं (हा मी), तसे मामा वाढदिवसाचे, नियुक्तीचे, सणांच्या शुभेच्छांचे आणि नव्या योजनांचे फ्लेक्स जमवतात. वर त्यावरून राज्याच्या राजकारणाचं आणि अर्थकारणाचं निदानही करतात.

ह्या वेडाचं मूळ भातात आहे. मामांची भातशेती थोडीच, पण घराचं सगळं वर्ष तिच्यावर. एका दिवाळीत कापलेलं भात खळ्यावर असताना अवकाळी पावसानं गाठलं. दाणा भिजला, आणि सरकारी खरेदी केंद्रावरून ओलावा जास्त म्हणून पोती जशीच्या तशी परत आली. मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. रस्त्यावर तेव्हा कुठल्याशा साहेबांचा भलामोठा वाढदिवस झळकत होता. मामा त्याच्याखाली जाऊन उभे राहिले, फ्लेक्सचं कापड दोन बोटांत धरून चाचपलं आणि म्हणाले, "हा मानूस आदी गावला आसता तं माजं भात वाचलं आसतं." तेव्हापासून मामांनी राजकारणात लक्ष घातलं.

मामा चोर मात्र नव्हेत हं! कार्यक्रम उरकल्याशिवाय फ्लेक्सला हात लावायचा नाही, आणि लावणाऱ्याला विचारूनच काढायचा, हा त्यांचा नेम. वाढदिवस उलटून चार दिवस झाले की ते कार्यकर्त्याच्या दारात हजर. "साहेबांचा वाडदिवस झाला ना बरा? मंग नेऊ का साहेबांना?" भातावर घालताना छापील बाजू नेहमी खाली. "तोंड वर ठेवलं तं कावले घान करतात. मोठी मानसं, उगा आपल्याला पाप." श्रद्धांजलीचा फ्लेक्स अन्नावर चालत नाही, तो गोवऱ्यांवर. योजनांचे फ्लेक्स त्यांना विशेष प्रिय, कारण त्यांत चेहरे मोठे आणि मजकूर बारीक. मजकूर त्यांनी कधी वाचला नाही. एका योजनेसाठी ते स्वतः पात्र होते, हे तिची मुदत संपल्यावर मला खुराड्याशेजारी उकिडवं बसून वाचताना कळलं.

पक्षभेद म्हणाल तर नावाला नाही. "माज्या गोठ्यावर समदे पक्ष हायेत. हितं कोन कोनाचा पाठिंबा काडत नाय," असं ते मोठ्या अभिमानानं सांगतात. एकदा एक कार्यकर्ता तणतणत आला, कारण त्याचे नेते नेमके म्हशीच्या मागच्या बाजूला आले होते. मामांनी निमूटपणे नेते काढले आणि त्यांच्या जागी विरोधकांना लावलं. पुढच्याच पंधरवड्यात नेते त्याच विरोधकांच्या पक्षात गेले, आणि तोच कार्यकर्ता आता ह्या नव्या साहेबांना हलवा म्हणून दारात! मामा म्हणाले, "आरं, तुमी एकदा काय ता ठरवा रे. म्हस बुजते माजी."

आता थोडं माझ्याविषयी, कारण खरा विनोदी माणूस ह्या गोष्टीत मीच आहे. मी मुरबाडला स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवतो. स्वतः एकही परीक्षा पास झालो नाही, त्यामुळे माणूस कुठे चुकतो हे मला नेमकं ठाऊक आहे. शिकवतो राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. अर्थसंकल्पाच्या दिवशी मामांचा फोन ठरलेला, आणि महसुली तूट म्हणजे काय हे मी त्यांना तासभर समजावणारच. सगळं ऐकून ते म्हणणार, "म्हंजी फ्लेक्स पातल येनार." जाड फ्लेक्स म्हणजे तिजोरी भरलेली, पातळ म्हणजे खडखडाट, असं त्यांचं अर्थशास्त्र. एका वर्षी कापड फारच पातळ लागलं, तेव्हा सरकार होळीपर्यंत पडतंय असं त्यांनी बाजारात छातीठोक सांगितलं. सरकार काही पडलं नाही. मामांनी खापर कल्याणच्या छापखान्यावर फोडलं. माझेही अंदाज असेच चुकतात, पण मी फी घेतो.

तर अशा मला राजकारणाचा किडा चावला. पंचायत समितीच्या निवडणुका लांबत लांबत चालल्या होत्या, आणि जितक्या लांबत होत्या तितकी मला निवडून येण्याची खात्री वाटत होती. प्रत्येक सणाला सरळगावपासून वैशाखऱ्यापर्यंत माझे फ्लेक्स लागू लागले. पांढरा सदरा, जोडलेले हात आणि खाली 'भावी सभापती'. फोटो चौदा वर्षांपूर्वीचा, केस असतानाचा. बायको म्हणाली, "हा कोण? बरा दिसतो."

अशाच एका दिवाळीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ काळंकुट्ट भरून आलं. दुपारी मामांचा फोन. भात कापून खळ्यावर आणलेलं, आणि झाकायला काही नाही. जुने फ्लेक्स उन्हानं कडकडीत होऊन फाटलेले. निवडणुकाच नाहीत म्हटल्यावर नवे लावणार कोण? "जावय, आख्ख्या रस्त्याला आता तुमीच हाव. येताव का?" आता बघा पंचाईत! त्याच दिवशी तिकीट देणारे साहेब माळशेजला चालले होते, आणि त्यांच्या डोळ्यात भरावं म्हणूनच मी रस्ताभर उभा होतो. बायकोनं गाडीची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

मग मी माझ्याच हातानं मला उतरवत निघालो. टोकावड्याच्या नाक्यावर लोकांनी विचारलं, "काय सर, माघार घेतली?" एकानं तर सांत्वनाला चहासुद्धा पाजला. खळ्यावर पोचलो तेव्हा थेंब सुरू झाले होते. घाईत मामांचा नेम मोडला, फ्लेक्स सुलटेच पडले. रस्त्यावरून साहेबांचा ताफा गेला तेव्हा खळ्यावर पसरलेले अनेक मी आभाळाकडे बघून हसत होतो. एक गाडी जराशी हळू झाली. मग तीही गेली.

पावसानं झोडपायला सुरुवात केली. शेवटचा फ्लेक्स मामांनी आमच्या दोघांच्या डोक्यावर ओढला, आणि आम्ही भाऱ्यांना टेकून बसलो. मामा सारखे हात आत घालून भात चाचपत होते. कोरडंच होतं. मग जीव जरा भांड्यात पडल्यावर त्यांनी सहज विचारलं, "जावय, निवडून आलाव तं काय कराल?"

काय सांगू तुम्हाला! फोटो कुठला, रंग कुठला, कुणाचा चेहरा माझ्या वर आणि कुणाचा खाली, ह्या सगळ्याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता, अगदी मी स्वतःसुद्धा नाही. मी इकडेतिकडे बघितलं. समोर पाऊस, मागे भात. "गावाला भात सुकवायला पक्की शेड बांधीन," मी म्हणालो. मामांचा हात भातातच थांबला. मग म्हणाले, "खरंच?" तेही पावसात जेमतेम ऐकू येईल इतकं हळू.

भात वाचलं, केंद्रावरून एकही पोतं परत आलं नाही. पुढे निवडणुका लागल्या, पण आरक्षणाच्या सोडतीत आमचा गण महिलांसाठी राखीव निघाला. माझं चिमुकलं राजकारण चिठ्ठीनंच संपवलं. बायकोला गळ घातली, तर ती म्हणाली, "मला नाही बाई म्हशीच्या मागं लटकायचं." निवडून दुसरंच कुणी आलं, आणि त्यांचंही बरं चाललंय.

पण मामांना हे काही केल्या पटत नाही. त्यांनी गावभर सांगून ठेवलंय की जावई शेड बांधणार आहेत. मला पद नाही, निधी नाही, वजन नाही, हे मी दहादा सांगून पाहिलं. अर्ज मात्र करतो हं, मुरबाडला हेलपाटे घालतो, ठाण्यालाही जाऊन आलो. विद्यार्थ्यांना शासनाची रचना शिकवायचो ती आता मला पायांनी कळायला लागलीय. मामांना हल्ली नीट दिसत नाही. बाजाराच्या दिवशी ते आवाजावरून मला ओळखतात, माझा हात धरतात आणि विचारतात, "जावय, शेड कदी?" मी म्हणतो, "होईल मामा, चाललंय." ते मान हलवतात आणि पुढच्या बाजारी पुन्हा विचारतात. मला आयुष्यात हा एकच मतदार मिळाला. ज्या दिवशी तो विचारायचं सोडेल, त्या दिवशी मी निवडणूक हरेन.