मच्छिंद्रमामांचा मधला ठोका

मनवा हे लिहिणारच नव्हती. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं, कारण लिहिलं की आपण कसे वागलो ते सगळ्यांना कळणार. पण गोष्ट तिची नाहीच, मच्छिंद्रमामांची आहे.

जामखेडला स्टँडजवळ मामांचं पंक्चरचं दुकान. जत्रा आली की मात्र टायर बाजूला आणि हलगी गळ्यात, चाळीस वर्षं. जाळावर हलगी तापवताना कुणी घाई केली की म्हणायचे, "थांब की रं, तिला जागी तर होऊ दे!" मनवा त्यांच्याच गल्लीतली, नगरला कॉलेजात, क्लासला पियानो शिकणारी. गेल्या दिवाळीत तिच्या डोक्यात नॉर्वेतल्या खेड्यांचे नाच भरलेले. त्यांच्यावरून पियानोसाठी दोन-दोन मिनिटांचे सहा छोटे तुकडे रचायचे होते तिला. पण त्या नाचांची तीन मात्रांची लय जमेचना. कागदावर तिन्ही मात्रा सारख्या, आणि वाजवलं की नुसती शाळेतली कवायत!

स्कूटी पंक्चर झाली म्हणून ती दुकानात गेली, तर कानातल्या इयरफोनमध्ये तेच नाच. "काय ऐकतीस गं एवढं? दाव की." तिने मोबाईलवर व्हिडिओ लावला. मामा पाना खाली ठेवून बघत राहिले.

"ही मान्सं मुद्दाम लंगडत्यात. पयला ठोका आखूड, मदला लांबवलाय. कान सोड, पायाकडं बघ." आणि टायरवरच वाजवून दाखवलं. रतनमामी आतून ओरडल्या, "गिऱ्हाइकाचा टायर हाय त्यो, हलगी न्हाई!"

मनवाला एकदम उमगलं. आठवड्यात सहाही तुकडे झाले. "आदी मला ऐकव हां," मामा म्हणाले होते. ती म्हणाली होती, "पहिले तुम्हालाच, मामा."

पहिले कसले! नगरला कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, पाहुण्या बाईंनी विचारलं, "ही लय कुठून शिकलीस?" मामांचं नाव ओठांवर आलं होतं. पण समोर क्लासचे सगळे. पंक्चरवाल्याचं नाव घेतलं तर हसतील. "व्हिडिओ ऐकून ऐकून," ती म्हणाली.

मग मामांचा फोन. "कवा येतीस? कान चाललेत माझे. ऐकू येतंय तवर ये, पोरी." रविवारी येते म्हणाली. मग परीक्षा, मग सबमिशन, मग नुसती लाज. घरी आली तरी स्टँड टाळून मागच्या रस्त्याने जायची. सात महिने!

शेवटी गेली, कीबोर्ड घेऊन. आधी सगळं कबूल केलं, रडत रडत. मामा तिच्या तोंडाकडे बघत बसले. रतनमामी हळूच म्हणाल्या, "त्यास्नी काय बी कळलं न्हाई गं. दोन म्हैनं झालं, कान साफ बंद. मशीन लावलं तर नुसती शिट्टी वाजती."

मनवाने तरी वाजवलं. सहाच्या सहा. मामा मांडीवर हात ठेवून, अगदी शहाण्यासारखे, तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं थांबली तरी बघत होते.

"झालं व्हय?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, आजून हाय."

तुमचंही असं कुणीतरी असेल, ज्यांना तुम्ही 'येते, येतो' म्हणून ठेवलंय. रविवारची वाट बघू नका. उद्याच जाऊन भेटा, प्लीज.