होसकोटेतला एकुलता एक ठोकळा

तुमचे काका, म्हणजे माझे चिरंजीव, इंजिनिअर आहेत, त्यामुळे सूचना वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. नवीन वस्तू आली की तिची पुस्तिका खोक्यात, खोकं माळ्यावर, आणि मग "ही चालत का नाही?" म्हणून त्या वस्तूवरच डोळे वटारायचे, अशी त्यांची पद्धत आहे. मी मल्लेश्वरममधल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात उभं आयुष्य काढलं. त्यामुळे वाचायचं मी आणि बिघडवायचं त्यांनी, ही वाटणी आमच्या घरात फार पूर्वीच झाली.

होसकोटेच्या त्यांच्या छोट्या कारखान्यात एक नवं मिलिंग मशीन आलं. साधं मशीन धातू सरळ वरून खाली कोरतं. याचं टेबल कलतं आणि फिरतंही, त्यामुळे कोरणारं टूल ठोकळ्यात तिरकं शिरू शकतं. मात्र कुठे शिरायचं आणि किती कलायचं, हे संगणकावर आधी प्रोग्रॅम करून सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या हुशार मुलीला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. निरोपाचा केक खाता खाता काका सगळ्यांसमोर म्हणाले, "त्यात काय एवढं, मी करीन." त्यानंतर मशीन बरेच दिवस प्लॅस्टिकच्या कव्हराखाली विश्रांती घेत होतं.

मग एका गिऱ्हाइकाने नमुना म्हणून ॲल्युमिनियमचा ठोकळा पाठवला. एकच. बाहेरून पूर्ण घडवलेला, फक्त मधला खड्डा कोरायचा बाकी. या खड्ड्याला हे लोक पॉकेट म्हणतात. सोमवारी संध्याकाळपर्यंत तो नीट कोरला गेला, तर पुढचं सगळं काम काकांना मिळणार होतं. बिघडला, तर दुसरा ठोकळा नव्हता आणि दुसरी संधीही नव्हती.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला गेला आणि माळ्यावरून मानाने पुस्तिका उतरवली गेली.

"आई, तू फक्त वाच. समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस."

"बरं. तूही तेच ठरवलंयस ना?"

पॉकेटचं तोंड अरुंद आणि पोट रुंद होतं, अगदी तांब्यासारखं. तांब्या आतून घासायचा तर मनगट वाकवावं लागतं, म्हणून टूलही कललं पाहिजे, हे मला एका नजरेत कळलं. काकांना कळेपर्यंत इडल्या गार झाल्या, कारण त्यांनी जन्मात तांब्या घासलेला नाही.

मी वाचत गेले, ते माउस दाबत गेले. पॉकेटचा तळ कुठला, भिंती कुठल्या, टूल केवढं, टूल धरणारा होल्डर केवढा. पण पडद्यावर ठोकळा कमी आणि पसाराच जास्त होता. ठोकळा टेबलावर घट्ट धरणारे चार क्लॅम्प मध्ये मध्ये लुडबुडत होते. मला असला पसारा बघवत नाही.

"हे आधी आवर बघू," मी म्हटलं. "कामाची जागा स्वच्छ नको?"

"एक बटण दाबलं की दिसेनासे होतात."

"मग वाट कसली बघतोस?"

क्लॅम्प गेले. काय तो सुबक पडदा! पुढची सूचना होती : टूल किंवा होल्डर ज्यांना लागता कामा नये, त्या वस्तू निवडा. काकांनी ऐटीत माउस फिरवला आणि दिसत होतं ते सगळं निवडलं. मग पडद्यावर टूल कललं, वळलं, पॉकेटभर फिरून बाहेर आलं. टक्कर झाली तर लाल दिसणार होतं. सगळं हिरवंगार. मी पुस्तिकेत खूणपट्टी ठेवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

सोमवारी मीही होसकोटेला गेले. आपण केलेलं काम बघायला कोणाला आवडत नाही? मशीनवर निपाणीकडचे एक जुने कारागीर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचा संगणकावर काडीचा विश्वास नाही. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना ते मशीन गोगलगायीच्या चालीने सोडतात आणि अंगठा थांबवायच्या बटणावरून हलवत नाहीत. काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "अण्णा, सगळं तपासलंय. वेग वाढवा."

"स्वल्प थांबा, सर."

टूल खाली आलं. टेबल कलू लागलं आणि कोपऱ्यातला क्लॅम्प होल्डरच्या दिशेने वर वर येऊ लागला. मध्ये बोटभर अंतर उरलं तेव्हा अण्णांनी बटण दाबलं.

"सर, ह्यो क्लॅम्प तुमच्या चित्रात हाय का न्हाई?"

"आहे की! सगळं आहे," म्हणत काकांनी लॅपटॉप उघडला. पडदा सुबक होता. काकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"मी आवरायला सांगितलं," मी म्हटलं.

अण्णांनी बटणावरचा अंगठा काढला. मग म्हणाले, "अक्का, घर आवरताना खांब बी उचलून ठेवता काय?"

आयुष्यभर मी लोकांना शिस्त शिकवली. त्या दिवशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ती निमूट ऐकून घेतली.

क्लॅम्प पुन्हा पडद्यावर आले आणि निवडले गेले. आता पडदा लालभडक झाला. टूल होल्डरमधून थोडं अजून बाहेर काढलं, कल कमी केला, तरी लाल. शेवटी अण्णांनी एक क्लॅम्प खऱ्या टेबलावर सरकवला, काकांनी तेवढाच चित्रात सरकवला, तेव्हा कुठे हिरवं दिसलं. अण्णा मात्र पुन्हा गोगलगायीच्याच चालीने निघाले, आणि या वेळी काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा माणूस आला. त्याने पॉकेट चारचारदा मोजलं, आत टॉर्च मारला, भिंतीवर नख फिरवलं. कारखान्यात कोणी हलेना. मग त्याने कागदावर सही केली आणि विचारलं, "प्रोग्रॅम कोणी केला?"

"मीच," काका म्हणाले.

अण्णांना जोराचा खोकला आला. मी त्यांना पाणी दिलं.