पळस्पे फाट्यापुढे ती कुठे जाते?

माझं निम्मं आयुष्य संशय घेण्यात गेलं आणि त्याचाच मला पगार मिळतो. न्हावा शेवाजवळच्या एका ऑफिसात मी कंटेनरचे कागद तपासतो. कागदावर फरशी लिहिलेली असेल आणि वजन कापसाचं निघालं, तर ते माझ्या नजरेतून सुटत नाही. त्रेपन्नाव्या वर्षी साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि मी हट्टाने पळायलाच लागलो. तेही ऑफिसच्या पद्धतीने. वही, घड्याळ, नाडीचे ठोके, आणि चेहऱ्यावर कायम आठ्या.

पहाटे वडाळे तळ्याच्या काठी आम्ही सात-आठ जण जमायचो. एक निवृत्त बँक अधिकारी आमचे म्होरके. एके दिवशी तिथे ती आली. पंचेचाळिशीची, मूळची उरणकडच्या कोळीवाड्यातली, पनवेलमध्ये पाळणाघर चालवणारी. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायात साधे कॅनव्हासचे बूट. पळता पळता ती इमारतींकडे नाक करून म्हणायची, "या बिल्डिंगमदी पोहे हायत. लावता पैज?" उतार आला की दोन्ही हात पसरून विमान करायची. मोठी माणसं तिच्या मागोमाग हात पसरायची. मी सोडून.

मला खात्री होती की ही काहीतरी विकणार. आमच्या सोसायटीत आजवर जो कोणी असा सकाळी सकाळी हसत आला, त्याच्या पिशवीतून शेवटी वजन उतरवायच्या पावडरीचा डबा निघाला होता. मी डब्याची वाट पाहत राहिलो. महिना गेला, दुसरा गेला. डबा निघेना, म्हणून संशय आणखी वाढला.

दर रविवारी आम्ही गोवा महामार्गाने कर्नाळ्याच्या अभयारण्याच्या फाटकापर्यंत पळत जायचो आणि एसटीने परतायचो. पळस्पे फाटा ओलांडला की ती दिसेनाशी व्हायची. मी फाटकाशी धापा टाकत पोहोचावं, तर ही आधीच तिथल्या दगडावर बसून काकडी खात असायची. चेहरा ताजा. एवढं पळून माणूस असा दिसत नाही, असं मला वाटे.

ती वाहनाने येते हा निष्कर्ष मी इतक्या झटकन काढला, त्याला कारण होतं. महिनाभरापूर्वी पोटरीत गोळा आला, तेव्हा मी स्वतः सहा आसनी रिक्षात बसलो होतो. फाटकाच्या अलीकडच्या वळणावर उतरलो, बाटलीतलं पाणी तोंडावर, मानेवर मारलं आणि घामाघूम झाल्यासारखा पळत आलो. घड्याळाची बॅटरी गेली असं सगळ्यांना सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. ही चोरी कशी जमते ते मला माहीत होतं, म्हणून ती मला सगळीकडे दिसायला लागली.

एका रविवारी मी ठरवून तिच्या मागे राहिलो. रस्त्याकडेला उभे असलेले एक-दोन ट्रेलर मधे ठेवूनच. फाट्यापुढे थोडं गेल्यावर ती रस्ता सोडून डावीकडे वळली. आत ट्रक उभे करायचं मोठं आवार होतं. मी एका टँकरच्या आडून पाहू लागलो. रिक्षा इथेच कुठेतरी ठरवलेली असणार.

आवाराच्या दाराशी खुर्चीवर एक पहारेकरी बसला होता. मांडीवर काठी, एक पाय सरळ पुढे ताणलेला, गळ्यात शिट्टी. त्याने शिट्टी मारली आणि ती पळत सुटली. उभ्या ट्रेलरांना वळसा घालून, आवाराच्या पार टोकाला जाऊन परत. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत ती मधल्याच दोन ट्रेलरांच्या फटीतून बाहेर आली.

"वयनी, फसवलंस!" तो ओरडला. "निळ्या ट्रेलरमागून नाय गेलीस! पुन्हा!"

ती पोट धरून हसली आणि खरंच पुन्हा पळाली. म्हणजे आमच्यापेक्षा दीड-दोन किलोमीटर जास्तच. त्यावरही ती माझ्याआधी पोहोचायची, कारण मी तेवढा हळू होतो. हे गणित टँकरच्या मागे उभ्या उभ्या सुटलं आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"दादा, तिथं कशाला उभे? या की," ती म्हणाली.

तो पहारेकरी तिचा दीर होता. पूर्वी ट्रेलर चालवायचा आणि गावच्या शर्यतीत पहिला यायचा. अपघातात पाय गेल्यासारखाच झाला. त्याला घराबाहेर काढायला म्हणून ती पळायला लागली होती. "हा म्हणाला, तू पलून दाखव, मग मी इथं राखणीला खुर्चीत येऊन बसेन. आता हाच मला दमवतो."

दीर माझ्याकडे निरखून बघत होता. "मी रविवारी इथून रस्त्यावरची तुमची सगळी माणसं मोजतो," तो म्हणाला. "एकदा एक कमी भरला. मग रिक्षात दिसला. तुमीच ना?"

मला घाम फुटला. या वेळी खरा.

"पाय बरा हाय ना आता?" तिने विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं? मग कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? दुखला असंल, बसले." तिला हा प्रश्नच कळला नव्हता. माझा मात्र तरी विश्वास बसेना. ही कधीतरी याचा वापर करणार असं वाटत होतं. एवढ्यात शिट्टी वाजली. "तुमी पण," दीर म्हणाला. "निळ्या ट्रेलरमागून."

मी पळालो. दुसऱ्या फेरीत दम लागला आणि मीही त्याच फटीतून बाहेर आलो. तो इतका जोरात ओरडला की बाजूच्या ट्रकमधला झोपलेला क्लीनर उठून बसला. मला हसू आलं. पळताना हसलं की बरगड्यांत कळ येते, हे मला त्या दिवशी समजलं.

कर्नाळ्याच्या फाटकाशी पोहोचल्यावर मी सगळ्यांना रिक्षाची गोष्ट सांगून टाकली. बाकीचे हसले. बँक अधिकारी मात्र दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते मला बरोबरच वाटलं.

त्यानंतर मी वही बंद केली असं नाही. घड्याळही आहे. पण रविवारी मी आवारात वळतो, फेऱ्या मारतो. ऑफिसात भांडकुदळ ड्रायव्हर समोर आला तर आधी त्याचा आवाज कुठल्या पट्टीत चढणार याची मनात पैज लावतो. निम्म्या वेळा हरतो.

घरी वेगळीच पंचाईत झाली. मी भाजी चिरताना गुणगुणतो हे बायकोच्या लक्षात आलं. "रविवारी नक्की कुठे जाता?" तिने सुरी माझ्या हातातून काढून घेत विचारलं. मी सगळं सांगितलं. पाळणाघरवाली, दीर, शिट्टी. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि पुढच्या रविवारी स्वतः बघायला आली. पळस्प्यापर्यंत एसटीने, मग आवारातल्या फेऱ्या बघून तिथून आमच्या मागे पायी. कर्नाळ्याच्या फाटकाशी ती सगळ्यांच्या तासभर नंतर पोहोचली, तोवर एसटी निघून गेली होती. मी तिच्यासाठी थांबत का गेलो नाही, म्हणून दुसरी एसटी येईपर्यंत ती माझ्याशी भांडत होती, आणि पाळणाघरवालीने दिलेली काकडी खात होती.